व्हिडिओच्या पोटातला भंडारा

जुना टीव्ही बिघडला तर पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, त्याला मारायचं नाही. हे शहाणपण मला सत्तरी गाठल्यावर आलं. त्याआधी वर्षानुवर्षं मी टीव्हीला मारतच आले. डाव्या बाजूला, वरून चार बोटं सोडून, उघड्या पंजानं. चित्र यायचंही. आतला एखादा सुटलेला टाका धक्क्यानं तेवढ्यापुरता चिकटतो, म्हणून येतं, हे नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे. भांडगावात आमच्या वस्तीवर कुणाचा टीव्ही गेला की मला बोलावणं यायचं आणि मी पदर खोचून, मनगटावर घड्याळ बांधून, डॉक्टरीण निघावी तशी निघायची.

एकदा शेजारच्यांच्या टीव्हीच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. माणसाचं तोंड त्या कोपऱ्यात गेलं की वांग्यासारखं दिसायचं. मी निदान केलं, नजर लागली. मीठ-मिरच्या घेतल्या, ओवाळायला जागा हवी म्हणून टीव्हीला खेटून ठेवलेला मोठा स्पीकर उचलून लांब ठेवला आणि दृष्ट काढली. दोन दिवसांत डाग गेला. स्पीकरच्या लोहचुंबकानं रंग बिघडतात हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मिरच्यांचं नाव झालं, माझंही झालं.

या सगळ्या रुबाबाचं मूळ एवढंच, की घरात दहावी पास मी एकटी होते. आमची मेंढरं जाऊन शेती आली त्याला एकच पिढी झालेली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, अक्षर ओळखीचं नव्हतं. त्यामुळे धाकट्या दिरानं दौंडातल्या बंद पडत आलेल्या एका व्हिडिओवाल्याकडून जुना व्हिडिओ प्लेअर घरी आणला, तेव्हा त्याबरोबरचं इंग्रजी पुस्तक आपोआप माझ्या हातात आलं. मला त्यातलं चौथाई कळायचं. उरलेलं मी पाठच्या चित्रांवरून रचायची आणि सगळ्यांना ठासून सांगायची.

व्हिडिओ आला त्याच्या तीन वर्षं आधी याच दिराचं लग्न झालं होतं. शूटिंगवाला दौंडहून आणला होता. त्या लग्नाला घरातलं एकच माणूस नव्हतं, माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शिरूरच्या बाजूला नदीकाठी वडगाव रासाईत दिलेली. आधीच्या दोन मुलींनंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला आणि तो नेमका लग्नाच्या चार दिवस आधी. बाळंतीण कशी येणार? तिला सगळ्यांनी सांगितलं, आक्का, तुझी आय हळदीला अशी हसली, अशी हसली, की शूटिंगवाल्यानं धावत जाऊन तिलाच धरलं. हे ऐकून नणंदेला खरं वाटेना. आत्याबाई फार करारी. भिंतीवर त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्या फोटोवाल्यावर दावा लावल्यासारख्या बघतात. लेकीनंसुद्धा त्यांना तोंडभर हसताना पाहिलेलं नव्हतं.

कॅसेट ट्रंकेत पडून होती. घरचा व्हिडिओ आला, दसरा तोंडावर होता, नणंद सणाला येणार होती. आता बघू म्हणाले सगळे.

खंडेनवमीला आमच्यात कामाची हत्यारं पुजतात. नांगर, कोयता, विळे, मेंढरांच्या वेळची लोकर कातरायची कात्री, शिलाईमशीन. दीर व्हिडिओ लग्नकार्यात भाड्यानं द्यायचा म्हणत होता, म्हणजे तेही पोटाचं साधन. मी त्यालाही पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग देवाचा भंडारा उधळायची वेळ आली. आमच्यात भंडारा कपाळाला लावून भागत नाही, उधळायला लागतो. पण मी तर शिकलेली. माझ्या मनात आलं, या यंत्राचं सगळं कसब आत आहे, बाहेरून पिवळं करून काय उपयोग? कॅसेट घालायच्या फटीचं झाकण बोटानं आत ढकललं आणि चांगला मूठभर भंडारा पोटात सोडला. वर दोन्ही हात जोडले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद आली. तिचं तीन वर्षांचं पोर घरभर फिरलं आणि थोड्या वेळानं कोपरापर्यंत हात व्हिडिओच्या फटीत घालून बसलेलं सापडलं. सगळे हसले, हात काढला. संध्याकाळी वस्ती गोळा झाली. मी घड्याळ बांधून पुढं. कॅसेट आत गेली, घरघर झाली, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी चॅनल फिरवलं, वायर काढून पुन्हा लावली, टीव्हीला मारलं, व्हिडिओला मारलं. मुंग्याच.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मी म्हणाले, "आक्का, दुपारी पोरानं हात घातला व्हता आत."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकी वर्षं पचलं.

नणंदेनं पोराच्या गालात दिली. आधी तुझ्यापायी लग्न हुकलं, आता हेही, असं काहीतरी म्हणाली. पोर रडायला लागलं आणि आत्याबाई जागेवरूनच बोलल्या, "मी हितं जिती बसलीया की. त्या डब्यात कशाला बघतीस मला?" विषय संपला.

दीर म्हणाला केडगावच्या मेकॅनिककडं नेतो. मी नेऊ दिला नाही. मेकॅनिक चांगले पार्ट काढून घेतात, पुस्तकात लिहिलंय, असं मी सांगितलं. पुस्तकात तसलं काही नव्हतं. खरी गोष्ट अशी, की मेकॅनिक वरचं झाकण काढणार आणि आतून पिवळं निघणार, हे मला त्या संध्याकाळीच उमगलं होतं. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. मग सीडी आल्या, डिश आली. व्हिडिओ आणि कॅसेट एका जुन्या घोंगडीत गुंडाळून मी स्वतः माळ्यावर टाकली. घरात मात्र म्हण पडली. कुणी काही मोडलं की म्हणायचे, आक्काच्या पोरासारखा हात घातला वाटतं.

यंदा उन्हाळ्यात नणंदेचा फोन आला. एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता, आता दुसराही चाललाय म्हणाली. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध चालू ठेवू, पण जे बघावंसं वाटतं ते बघून घ्या. मला वाटलं काशी म्हणेल, नातसून म्हणेल. ती म्हणाली, "वैनी, ती कॅसेट हाय का गं? आय हसताना बघायची राहिली."

मी फोन ठेवला. माळ्याकडं बघायचा धीर होईना.

पुढच्या रविवारी तिचा मुलगा आला. तोच, फटीत हात घालणारा. आता रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि डोक्यावर केस माझ्याहून कमी. माळ्यावरची घोंगडी त्यानं खाली उतरवली आणि कॅसेट आधी पुण्याला एका दुकानात दाखवून आणली. दुकानदारानं फितीवर बुरशी बघितली आणि आमच्या मशीनमध्ये घालणार नाही म्हणाला. म्हणजे आपलाच व्हिडिओ जिवंत करणं आलं.

मी त्याला म्हणाले, तू चहा घे, मी आधी जरा पुसून ठेवते. त्यानं माझ्या हातातून व्हिडिओ घेतला. चार स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण उचललं.

आत हळद लागली होती. सगळीकडं. चाकांच्या खोबणीत, तारांवर, आणि मधोमध जो चकचकीत तिरका गोल डबा असतो, ज्याला बारीक हेड बसवलेले असतात आणि ज्याच्यावरून फीत फिरली की चित्र दिसतं, त्याच्यावर तर थर. त्यानं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मामी, तीन वर्साच्या पोराच्या मुठीत भंडारा कुठनं आला आसंल?"

मी म्हणाले, "देवालाच ठावं."

"देवाला ठावं आसनारच. देवाचाच हाय."

एवढं बोलून त्यानं खिशातून स्पिरिटची बाटली काढली. मला वाटलं चिडेल, निदान थट्टा करील. तो कामाला लागला आणि मला ते जास्त लागलं. थोड्या वेळानं मी म्हणाले, तुझ्या आईला मीच सांगते. तो मान खाली घालूनच म्हणाला, सांगा.

दोन रविवार गेले त्यात. मी आयुष्यात पहिल्यांदा यंत्राजवळ गप्प बसून शिकले. हेड पुसायला कापूस घ्यायचा नाही, त्याचे तंतू अडकतात. मऊ चामड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून डब्याला नुसता टेकवून धरायचा आणि डबा हातानं हळू फिरवायचा. चामडं आडवंच राहिलं पाहिजे, वरखाली घासलं की हेड तुटलंच. मी तर पुस्तकात बघून वरखालीच घासलं असतं. आतला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा झाला होता, तो खरवडून काढला. नवा बसवला तो कंपनीतल्या कुठल्याशा मशीनच्या रबरी रिंगांतून मापानं निवडलेला. कॅसेटची फीत अंगणात बसून, तोंडाला फडकं बांधून, इंच इंच पुसली. बुरशी अंगणातच झाडायची, घरात नाही. ते काम माझ्याकडं होतं. फीत काही तासांची, पण हातानं पुढं सरकवताना मला ती माझ्या खोटेपणाएवढी लांब वाटली.

टीव्हीही जुनाच लागणार होता, फुगीर पोटाचा. नव्याला या व्हिडिओची वायर बसेना. तो कांद्याच्या खोलीतून काढला. त्याचं मागचं झाकण भाच्यानं मला उघडू दिलं नाही. बंद टीव्हीतसुद्धा वीज दबा धरून बसलेली असते म्हणाला. चालू केला तर आवाज आला, चित्र नाही. माझा पंजा आपसूक वर गेला. त्यानं वरच्यावर धरला. "तापू द्या त्याला. म्हाताऱ्याला उठायला येळ लागतो." मिनिटभरानं पडदा उजळला.

नणंद बुधवारी आली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, पायरी पायानं चाचपत. तिला टीव्हीपुढं दोन हातांवर बसवलं. भाचा चॅनल जुळवत होता. मला माहीत होतं, चित्र आलं तर आनंदात सगळं वाहून जाईल आणि मी पुन्हा सुटेन. म्हणून आधीच बोलले. खंडेनवमी, पाट, फट, मूठभर भंडारा, मेकॅनिक. सगळं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर उरलेलं गिळलं असतं.

मग तिनं हात पुढं करून पोराचं तोंड चाचपलं, टक्कल, कान, गाल. "कंच्या गालात मारली हुती रं तुला?"

"मला कुठं आठवतंय, आये."

"मला आठवतंय. ह्या." आणि डाव्या गालावर तळवा ठेवून बराच वेळ बसली. मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "आन् वैनी, तुला आता कुठं मारू? तुझ्या गालफडात एकबी दात न्हाई राह्यला, हाड हातालाच लागंल माझ्या."

मी म्हणाले, "पाठीत मार." तिनं मारलीही. चांगली लागली.

भाच्यानं कॅसेट आत ढकलली. घरघर. मुंग्या. मग मुंग्यांमधून पांढरे पट्टे वर सरकायला लागले. त्यानं ट्रॅकिंगचं बटण केसभर केसभर फिरवलं, पट्टे खाली गेले आणि मांडव दिसला. रंग उडालेले, हळद पांढरी, आवाज विहिरीतून आल्यासारखा. नणंद पुढं सरकली, नाक पडद्याला टेकेल इतकी.

हळदीचा पाट आला. पाटामागं कोण उभी? मी. पस्तिशीच्या आतली, पदर दोन्ही खांद्यांवर, घड्याळाचं मनगट बरोबर पुढं. आणि मी हलतच नव्हते. शूटिंगवाला समोर आला तसा माझा पुतळा झाला होता. हनुवटी वर, डोळे ताठ, श्वाससुद्धा रोखलेला. बायका येताहेत, हळद लावताहेत, पोरं पायांतून पळताहेत, आणि घरातली एकुलती एक दहावी पास बाई फोटो काढतोय म्हणून दगडासारखी उभी. मला ते आठवतही नव्हतं. एक मिनिट गेलं, जास्तच गेलं. मग शेजारून आत्याबाई आल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, शूटिंगवाल्याकडं बघितलं, आणि कोपरानं मला ढोसत म्हणाल्या, "अगं ए, हल की जरा."

मी हलले नाही. आत्याबाईंना हसू फुटलं. कपाळावरचं कुंकू हलेपर्यंत हसल्या, पदर तोंडाला लावला, तो सुटला, पुन्हा हसल्या. वरचा एक दात नव्हता त्यांना. मला ते कधी माहीतच नव्हतं.

नणंदेच्या तोंडातून आवाज आला. मी वाकून बघितलं तर तीही हसत होती, अगदी तशीच, पदर तोंडाला लावून, तो निसटत. भाच्यानं मोबाइल काढून पडद्यावर धरला होता, म्हणाला आता हे हरवणार नाही. ती म्हणाली, मोबाइल राहू दे, पुन्हा लाव. त्यानं फीत मागं घेतली. मुंग्या, पट्टे, मांडव, पाट, पुन्हा माझा पुतळा. पुन्हा मागं घेतली.

तिसऱ्या वेळी मी पुढं गेले, जवळून आत्याबाईंचा तो दात बघायला. बघता बघता माझं काय झालं कुणास ठाऊक, पडद्यापुढं उभी राहिले ती राहिलेच.

मागून नणंदेनं पाठीत बोट टोचलं. "वैनी, हल की जरा. आय दिसंना."