आम्रपालीची शिफारस

गुरुवार होता, म्हणजे या कारखान्यांच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी, म्हणजे पिंपळे गुरवच्या ओव्हाळांच्या घरात एरवी कधी एकत्र न सापडणारी तिघंही माणसं सकाळी घरात. समाधान तिसरी शिफ्ट करून आला होता आणि अंघोळ उरकून चहात भाकरी कुस्करत होता. विजयश्री फरशीवर बसून मेथी निवडत होती. त्यांची एकुलती आम्रपाली गॅलरीत धुणं वाळत घालत होती आणि बापाच्या निळ्या शर्टाचे वंगणाचे डाग या वेळीही निघाले नाहीत म्हणून त्या शर्टाशीच भांडत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल होती आणि चालूही होती, पण ज्योतीराममामाला बेलचं वावडं. तो कंपनीची बस चालवायचा. पत्रा बडवल्याशिवाय दार उघडतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

"ताई, चहा टाक! आमूचं काम करून आलोय," चपला काढायच्या आधीच त्यानं जाहीर केलं.

काम कुठलं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. आम्रपालीनं कॅनडातल्या एका विद्यापीठात पदवीसाठी अर्ज केला होता. धातू का तुटतात, का गंजतात, का वाकतात, हे तिला शिकायचं होतं. समाधान पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. ती लहान असताना तो तुटलेल्या डायचा, म्हणजे साच्याचा, तुकडा खिशातून आणायचा, तेव्हा बाकीच्या मुलींनी फेकून दिला असता, ही विचारायची, "पण इथूनच का तुटला?" समाधानला उत्तर येत नसे. तो म्हणायचा, "साहेबाला विचारतो." साहेब म्हणायचा, "नवीन लाव." असं करत करत पोरगी बारावीपर्यंत आली, आणि पूर्ण शिष्यवृत्ती देणारी एक जागा तिनं स्वतः शोधून काढली. इंग्रजीची परीक्षा झाली, निबंध झाला, पासपोर्ट आला. राहिलं एकच. तिला शिकवलेल्या, तिला ओळखणाऱ्या एका शिक्षकानं तिच्याबद्दल लिहून पाठवायचं. रविवारी मुदत संपत होती.

आणि तिला ओळखणारा शिक्षकच नव्हता.

यात तिचा दोष नव्हता. सगळा पट्टाच असा चालतो. अकरावीला क्लासवाल्यांनीच कॉलेज ठरवून दिलं होतं. कॉलेजात नाव आणि क्लासात मुलगी. पोरीचा कॉलेजला जायचा वेळ वाचला म्हणून समाधाननं तेव्हा शिफ्टमध्ये पेढे वाटले होते. आता कॉलेजात गेली, तर सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "आमचीच का तू? ओळखपत्र आहे म्हणजे असशील." क्लासचे सर तर माइकवर शिकवायचे. तिसऱ्या रांगेच्या मागचं त्यांना दिसत नसे, आणि आम्रपाली कायम खिडकीपाशी, मागे.

मामानं पिशवीतून कडक पाकीट काढलं. थेरगावात परदेशी पाठवणारी एक कन्सल्टन्सी होती, तिथून आणलेलं. आत कुणा विभागप्रमुखांच्या सहीचं शिफारसपत्र होतं. त्यांच्या नावाचा ईमेलही तयार होता. विद्यापीठानं काही विचारलं, तर तिथूनच उत्तर जाणार.

विजयश्रीनं हात पदराला पुसून पत्र घेतलं. "कागद किती छान आहे गं!"

आम्रपालीनं ओल्या हातानंच वाचलं. फुटबॉल संघाची कर्णधार. अनाथाश्रमात दर रविवारी सेवा. खाली एका ओळीत ती चक्क मुलगा झाली होती. कुणाचं तरी पत्र हिच्या मापाला कापताना एक टाका राहून गेला होता.

"मामा, मी फुटबॉलला पायसुद्धा लावलेला नाही."

"तिकडे आवडतो त्यांना. तुला कुठं खेळायला लावणारेत?"

"आणि हे विभागप्रमुख कोण?"

"असेल कोणीतरी. अगं, आमच्या रूटवरची चार पोरं याच पत्रावर गेली. बर्फात उभी राहून फोटो टाकतात, बघ."

"मला नको हे."

मामाचा कप ओठांपाशी थांबला. "दाजी, ऐकलंत? नको म्हणते!"

समाधान भाकरीकडे बघत राहिला. पोरगी 'नको' म्हणाली की पुढं काय होतं, याचा त्याला अनुभव होता.

विजयश्रीनं समजुतीचा सूर लावला. "आमू, सगळेच करतात ते. कुणी तपासत नाही."

"आई, तू लाइनवर इन्स्पेक्शनला बसतेस. पीस न बघता ओकेचा शिक्का मारतेस?"

"मारते की! मालाची गाडी सुटायची असली आणि सुपरवायझर डोक्यावर उभा असला की सगळ्याच मारतात. तू मला शहाणपण शिकवू नकोस."

आम्रपालीला वाटलं होतं हा घाव बसेल. बसला नाही. समाधान मात्र खुदकन हसला, आणि बायकोनं बघितल्यावर घास गिळला.

मामा आता गंभीर झाला. "हे बघ आमू. आपल्या घरात कुणाला कधी शिफारस मिळाली? तुझ्या आजोबांना गेटवर उभं राहून काम मागावं लागलं. मला परमनंट करायची वेळ आली तेव्हा साहेबानं स्वतःचा मेव्हणा घेतला. बाकीच्यांना काका, मामा, ओळखीपाळखी असतात. त्यांची पत्रं काय खरी असतात? आपण एकदा विकत घेतली, तर एवढं काय बिघडलं?"

मामा खोटं बोलत नव्हता, आणि तेच अवघड होतं.

"म्हणूनच नको," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो खाली आणायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "आपल्या घरातल्या माणसाबद्दल पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी लिहिणार. आणि ते दुसऱ्याच कुणाबद्दल असणार? ही फुटबॉलवाली जाईल कॅनडाला. मग मी कुठं जाऊ?"

"मग राहा इथंच! रविवार उलटल्यावर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"नाही येणार."

"ज्योतीराम, सोड राव," समाधान पहिल्यांदा बोलला. "नाही मिळालं तर नाही मिळालं. नाहीतर खोट्या पत्रावर तिथं जाऊन पोरगी चार वर्षं दाराकडं बघत बसंल, कोण विचारायला येतंय म्हणून."

विजयश्रीनं तरीही पाकीट कपाटात ठेवायला उचललं. असावं एखादं. आम्रपालीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि जिन्यापर्यंत जाऊन निघालेल्या मामाच्या पिशवीत परत घातलं. मामा रागावला होता, पण उतरता उतरता त्यानं विचारलंच, "मग आता कुणाकडे जाणारेस?"

तिला माहीत नव्हतं. बसस्टॉपवर उभी राहून ती एकेक शिक्षक आठवत राहिली. ज्यांना ती आवडायची, त्यांचा उपयोग नव्हता. ते पाठीवर थाप मारून पुढच्या बाकाकडे गेले होते. तिच्याकडे नीट, टक लावून पाहिलेलं माणूस एकच आठवलं, आणि तेही रागानं पाहिलेलं. पिंपरीतल्या महापालिकेच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या काळोखेबाई. दहावीचे शिक्षक चालतील, असं विद्यापीठानं लिहिलं होतं. ती पिंपरीच्या बसमध्ये चढली.

शाळेत मधली सुट्टी होती. बाई शिक्षकांच्या खोलीत डबा खात बसल्या होत्या.

"बाई, मी आम्रपाली ओव्हाळ."

बाईंनी तिला खालून वर पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "खिळा," त्या म्हणाल्या.

"हो बाई. खिळा."

गंजण्याचा प्रयोग होता. तीन परीक्षानळ्या, तिन्हींत एकेक खिळा. कोरड्या हवेतला खिळा गंजायचा नाही, असं पुस्तकात होतं; वर्गातला गंजला. बाईंनी पुस्तकातलं उत्तर लिहायला सांगितलं. सगळ्यांनी लिहिलं. आम्रपालीनं लिहिलं, 'खिळा गंजला.' बाईंनी लाल रेघ मारली आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा आली. 'खिळा गंजला. बूच सैल असावं.' पुन्हा बाहेर.

"उद्धट होतीस तू," बाई म्हणाल्या. "परीक्षेत मार्क पुस्तकातल्या उत्तरालाच मिळतात. मी बरोबरच होते."

"हो बाई."

"बूच सैलच होतं म्हणा. बोल, काय काम काढलंस?"

आम्रपालीनं सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "इंग्रजीत ना?" आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच म्हणाल्या, "बी.एस्सी. आहे मी, घाबरू नकोस." कॅनडा ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून पाठकोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"आधी कच्चं करू, मग तुझ्या त्या लिंकवर भरते. आज्ञाधारक, नम्र, शिस्तप्रिय विद्यार्थिनी. मी सगळ्यांना हेच लिहिते, आजवर कुणाचं अडलेलं नाही." त्यांनी पहिला शब्द लिहायला घेतला.

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि पोरं वर्गाकडे पळाली. आम्रपाली टेबलाची कड धरून उभी होती. बाईंना आणखी चिडवलं तर रविवारपर्यंत दुसरं कुणी सापडणार नाही, हे तिला पुरतं कळत होतं.

"बाई, आज्ञाधारक लिहू नका," ती म्हणाली. "मला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतंत, आणि का केलं होतंत, तेवढं लिहा."