तारमास्तरांचा इंग्रजी वर्ग

तारमास्तर ऐकताना डोळे मिटून घेत. मान डावीकडे किंचित कललेली, उजव्या हाताचं बोट टेबलावर टेकलेलं आणि चेहरा असा, की समोरच्याला वाटावं, यांना डुलकी लागली. पण समोरचा विद्यार्थी सयामचा असो की इंडोनेशियाचा, त्याचं अडखळतं, अर्धंमुर्धं गिळलेलं इंग्रजी वाक्य संपलं की ते डोळे उघडत आणि त्याला काय म्हणायचं होतं ते नेमकं सांगत. मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मला त्यातलं निम्मंही कळत नसे.

ही गोष्ट पन्नास ते साठच्या दरम्यानची. गांधीजींचं काम बघायला, सूतकताई आणि खेड्यातली शाळा कशी चालते ते शिकायला तेव्हा देशोदेशींचे तरुण वर्ध्याला येत. त्यांतल्या बऱ्याच जणांना हिंदी तर नाहीच, इंग्रजीही येत नसे. मग कॉलेजातून निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांनी सेवाग्रामच्या रस्त्यावर तीन कौलारू खोल्या घेऊन परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. एका वेळी आठ-दहा जण असत. कोणी सहा महिने राही, कोणी वर्ष-दीड वर्ष. सकाळी सगळ्यांनी मिळून अंगण झाडायचं, मग माझं व्याकरण, मग गंगाबाईंच्या हातचं वरण-भाकरीचं जेवण, आणि दुपारी तारमास्तरांचा संभाषणाचा तास.

तारमास्तर पुलगाव स्टेशनात तीस वर्षं तारेच्या यंत्रावर होते. मिशनच्या शाळेत शिकून त्या खुर्चीपर्यंत पोचलेला त्यांच्या समाजातला आमच्या भागातला तो बहुधा पहिलाच माणूस. एकदा एक सयामी विद्यार्थी चुकून पुलगावला उतरला. स्टेशनातल्या कोणालाही त्याचं बोलणं कळेना, तेव्हा तारमास्तरांनी डोळे मिटून त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला वर्ध्याच्या गाडीत बसवून दिलं. भाऊसाहेबांनी हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि तारमास्तर निवृत्त झाल्याबरोबर त्यांना बोलावून घेतलं. आठवडाभर ते वर्ध्यात एका खोलीत राहत आणि शनिवारी बायकोकडे पुलगावला जात. काळा कोट, धोतर, डोक्याला टोपी आणि हातात घरून आणलेला पाण्याचा पितळी गडवा. वर्गात पाण्याचा माठ होता, तरी तो गडवा ते खिडकीत वेगळा ठेवत. का, ते आम्ही कोणी त्यांना विचारलं नाही. आम्हाला माहीत होतं.

यंत्राच्या कटकटीतून शब्द वेचण्यात जन्म गेलेला. त्यामुळे उच्चार वाकडा आहे म्हणून त्यांचं कधी अडलं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे साधतं कसं? ते म्हणाले, "मास्तरीणबाई, आपन दुसऱ्याचं आयकतो तवा मनात आपलंच बोलून राह्यतो. ते बंद केलं का आयकू येते." चूक झाली तर ‘चूक’ हा शब्द ते वापरत नसत. ‘लाइन खराब आहे, परत पाठवा,’ एवढंच इंग्रजीत म्हणत. मुलांना ते इतकं आवडलं, की भाजीत मीठ कमी पडलं तरी ती एकमेकांना लाइन खराब असल्याचं सांगत.

त्यांचा धडा एकच होता. रोज प्रत्येकाने दहा शब्दांत घरी तार लिहायची. ती जायची कुठेच नाही, पण दिवसभरात जे घडलं ते तिच्यात यायला हवं. सुहार्ती नावाची जावा बेटावरची मुलगी होती. तिने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं, ‘झुणका खाल्ला. रडले. काळजी नको, दुःखाने नाही, मिरचीने.’ तारमास्तरांनी ती तार सगळ्यांना वाचून दाखवली आणि शेवटी ‘उत्तम’ म्हणून तिच्या हातात दिली. ते हसलेले मला फारसे आठवत नाहीत. त्या दिवशी हसले होते.

पंचावन्नच्या हिवाळ्यात केंजी आला. ओसाकाचा, तेविशीतला, अंगाने काटकुळा, अतिशय लाजाळू मुलगा. आल्या दिवशी तो दारात उभा राहून कमरेत वाकला आणि आपला देश सांगितला. तारमास्तर टेबलाशी बसलेले होते. ते उठले, कोट चढवला, डोकं दुखतं म्हणून मला सांगितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, पण त्यानंतर मला एक गोष्ट दिसू लागली. केंजी बोलायला लागला की ते डोळे मिटत नसत. खिडकीबाहेर बघत. त्याची तार तपासायची वेळ आली की ती माझ्याकडे सरकवत. तो बिचारा रोज नीट अक्षरात लिहून आणी आणि माझ्याकडून परत घेऊन जाई. तीन-चार महिने हे असंच चाललं. मला राग येऊ लागला. शेवटी एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, की या मुलाने तुमचं काय बिघडवलंय? ते म्हणाले, "त्यानं काई नाई केलं. मले थोडा येळ द्या."

एप्रिलमध्ये एका दुपारी शिपाई तार घेऊन आला. भाऊसाहेब नागपूरला गेले होते, म्हणून ती मी घेतली. केंजीच्या नावाची होती, त्याच्या मामाकडून. आई गेली, शांतपणे गेली, परत येऊ नकोस, शिक्षण पुरं कर. केंजी अंगणातल्या कडुलिंबाखाली काहीतरी लिहीत बसला होता. मी तार हातात धरून त्याच्याकडे निघाले. तारमास्तरांनी माझा चेहरा पाहिला आणि हात पुढे केला. "मरनाची तार उभ्यानं देत नाई," ते म्हणाले आणि तार माझ्या हातातून घेतली.

त्यांनी केंजीला वर्गात बोलावलं. सतरंजीवर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर मांडी घालून बसले. माठ चार पावलांवर होता, पण त्यांनी खिडकीतला आपला गडवा घेतला आणि त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला. मग त्यांनी तार उघडून सावकाश, एकेक शब्द वाचून दाखवला आणि कागद त्याच्या हातात दिला. केंजीचे ओठ हलले, पण शब्द येईनात. चार महिन्यांच्या इंग्रजीत अशा वेळी बोलण्यासारखं काही शिकवलेलं नसतं. तारमास्तर त्याला इंग्रजीतच म्हणाले, "तुझ्या भाषेत बोल. मी ऐकतो."

आणि त्यांनी डोळे मिटले. मान डावीकडे कलली. केंजी जपानीत बोलू लागला. आधी हळू, मग न थांबता, मधे रडत, मधे कशाची तरी आठवण येऊन थांबत. अर्धा तास झाला असेल, तास झाला असेल. मी दारात उभी होते. त्यातला एकही शब्द तारमास्तरांना कळत नव्हता, पण त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

तो थांबल्यावर तारमास्तर बोलले. तेच त्यांचं तारेचं इंग्रजी, तुटक तुटक. मी मराठीत लिहिते आहे. "मला मुलगा होता. पलटणीत. एकवीस वर्षांचा. ब्रह्मदेशात गेला, चव्वेचाळीस साली. तार माझ्याच यंत्रावर आली. दुपारी बारा वाजता. मला वाटलं लाइन खराब आहे. मी परत पाठवा म्हटलं. त्यांनी परत पाठवली."

केंजी त्यांच्याकडे बघत राहिला. ब्रह्मदेशात कोण कोणाशी लढलं हे त्याला माहीत होतं.

"संध्याकाळपर्यंत काम केलं," तारमास्तर पुढे म्हणाले. "दुसऱ्यांच्या तारा होत्या. आणि बायकोला माहीत नव्हतं. तिचा मुलगा आणखी एक दुपार जिवंत राहिला."

केंजीने दोन्ही हात सतरंजीवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. तो उठेना. तारमास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू तेव्हा शाळेत होतास."

दुसऱ्या दिवसापासून केंजीची तार ते स्वतः तपासू लागले.

त्याच वर्षी, छप्पनच्या दसऱ्याला, तारमास्तर नागपूरला दीक्षा घ्यायला गेले. केंजी जन्माने बौद्ध. त्याने बरोबर येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा तारमास्तर आधी संकोचले. हा आमच्या घरचा प्रश्न आहे असं काहीतरी म्हणाले आणि मग त्याला घेऊन गेले. मलाही जावंसं वाटत होतं. वडील नको म्हणाले आणि मी ऐकलं. केंजीने परत आल्यावर सांगितलं, की लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, आणि तारमास्तर आणि त्यांची बायको एकमेकांचा हात धरून उभे होते. आपल्याकडे या वयाची माणसं चारचौघांत हात धरत नाहीत हे त्याला तोपर्यंत कळलं होतं, म्हणून त्याने ते मुद्दाम सांगितलं.

दसऱ्यानंतर तारमास्तर वर्गात आले तेव्हा हातात गडवा नव्हता. आपला तास झाल्यावर ते उठले, माठाचं झाकण काढलं, आपल्या हाताने पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या समोर प्यायले. कोणी काही बोललं नाही. विद्यार्थ्यांना तर त्यात काही बोलण्यासारखं आहे हेही कळलं नाही. पण थोड्या वेळाने मी मागच्या अंगणात गेले तर गंगाबाई माठ उपडा करून राखेने घासत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मी तशीच आत आले. तारमास्तर दारातच उभे होते. त्यांनीही ते पाहिलं होतं.

"मास्तरीणबाई," ते शांतपणे म्हणाले, "गंगाबाईले सांगा, माठ रोज घासत जाय म्हना. पानी ताजं राह्यते."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून मी स्वतः रोज सकाळी माठ भरू लागले, आणि दुपारी पहिला पेला त्यांना द्यायचा असं ठरवलं. ते घेत. पण त्या दिवशी अंगणात मी गप्प राहिले ही गोष्ट त्यामुळे पुसली गेली नाही, आणि ती पुसली जाऊ नये असंच मला आता वाटतं.

सत्तावन्न साली केंजी परत गेला. वाटेत रंगूनला उतरणार असल्याचं त्याने सांगितलं होतं. वर्ध्याच्या स्टेशनात गाडी सुटताना तो दारात वाकला आणि तारमास्तरांनी टोपी काढून हातात धरली. पुढच्याच वर्षी विद्यार्थी कमी होत होत वर्ग बंद पडला. मला हिंगणघाटला शाळेत नोकरी लागली. तारमास्तर पुलगावला गेले. त्यांना एक-दोन पत्रं लिहिली, त्यांची उत्तरं दोन-दोन ओळींची आली. मग एक दिवस भाऊसाहेबांचं कार्ड आलं, की तारमास्तर गेले.

मी पुलगावला गेले तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. गिरणीच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं स्वच्छ घर. त्यांच्या पत्नीला मी पहिल्यांदाच भेटत होते. ठेंगण्या, पांढरं लुगडं नेसलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी चहा केला आणि मग पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे त्या जपानवाल्या पोराचं हाये. मास्तर मले सांगत, तो रंगूनले जाऊन आला म्हनून. पन पुरं कधी वाचून नाई दाखवलं. बाई, तुमी वाचा."

मी वाचायला लागले. एकेक वाक्य वाचायचं आणि त्यांना मराठीत सांगायचं. केंजीने लिहिलं होतं, की त्याने पुष्कळ चौकशी केली, पण तुमच्या मुलाची जागा सापडली नाही. मग नदीकाठी बसून त्याच्या नावाने प्रार्थना म्हटली. नाव चुकू नये म्हणून आधी दहा वेळा घोकलं होतं. बाई पदराने डोळे पुसत ऐकत होत्या. पुढची ओळ मी नजरेनेच वाचली आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, ‘बारा वाजता आलेली तार तुम्ही संध्याकाळपर्यंत मनात ठेवलीत आणि त्याच्या आईला ती दुपार दिलीत, हे मी विसरणार नाही.’

मास्तरांनी हे पत्र पुरं का वाचून दाखवलं नव्हतं ते मला समजलं. मी ओळ सोडून पुढे जायला बघत होते.

"थांबल्या काऊन?" त्यांनी विचारलं. मी अक्षर नीट लागत नाही म्हणाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तार दुपारीच आलती, हेच ना?"

मी पत्र मांडीवर ठेवलं.

"त्या दिवशी स्टेशनातला हमाल दोन वाजता डबा घेऊन आला. भरलेलाच. येवढ्या वर्षांत असं कधी झालं नोतं. म्या डब्याचं झाकन उघडलं अन् समजली. मंग झाकन लावून ठेवून देल्लं. म्हटलं, त्यायले सांजलोक निभवू द्या. सांजच्याले ते आले, बसले, मंग सांगितलं. म्या तवाच समजल्यावानी केलं." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "त्यायले कधी सांगितलं नाई म्या. त्यायले वाटत जाय, आपन हिले येवढं तरी देल्लं."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले आणि पदर सारखा करून पुन्हा माझ्यासमोर बसल्या.

"वाचा आता," त्या म्हणाल्या. "पुरं वाचा."