तमिळ न कळणारं कुत्रं

काल राजवाड्यामागच्या, तमिळ मुलखातल्या आमच्या जुन्या मराठी गल्लीत एक कुत्रं माझ्या स्कूटरमागे लागलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाड!" त्या शब्दासरशी शेजारच्या शामरावकाकांचं तांबडं कुत्रं आठवलं आणि पोटरीवरचा जुना डाग चुरचुरला.

तेव्हा घरोघरी रंगीत टीव्ही येत होते आणि मी नवी मोटरसायकल घेतली होती. ओरत्तनाडू गावच्या कचेरीतून घरी परतताना ते धूड रोज वळणावर दबा धरून बसलेलं असे. त्या दिवशी त्यानं माझी पँटच धरली. पाय ओढायला गेलो तशी गाडी आडवी झाली आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला. जळलेल्या कातडीचा वास अजून नाकात आहे. "पो! पो!" जा, जा, असं मी तमिळमध्ये ओरडत होतो.

काका ओट्यावर कॉफी निववत बसले होते. उठायचं नाव नाही. वर हसत म्हणाले, "अरे, मराठ्याच्या घरचं कुत्रं ते. त्यास तमिळ काय कळेल? मराठीत सांग."

मी त्यांच्या डोळ्यांत बघत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "हाड!"

कुत्र्यानं पँट सोडली नाही. काका मात्र कॉफी तशीच टाकून आत गेले आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

काल त्याच ओट्यावर काकांचा नातू मोबाइल बघत बसला होता. त्यानं मान वर करून तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणालात, अंकल?"

आता या गल्लीत मराठीत हाड म्हटलं, तरी कुणालाच लागत नाही.