वीतभर लांब वल्हे

आर्वीहून निघालो तेव्हा मार्गशीर्षातली थंडी चांगलीच बोचत होती. गाडीत मी, माझी वळकटी आणि ज्यांच्या पेढीवर मी मुनीम आहे त्या शेठजींनी दिलेली पत्रांची पिशवी. अकोल्याच्या बाजारात आमच्या कापसाच्या गाड्या अडकून पडल्या होत्या, त्यांची चौकशी करून यायचे होते. तुम्ही खाडीकाठची मंडळी पत्रातून नेहमी विचारता, की त्या कोरड्या मुलखात तुझा जीव रमतो कसा? खरे सांगायचे तर रमत नाही. म्हणूनच वाटेत वर्धा नदी आहे हे कळल्यावर मला सासुरवाशिणीला माहेर दिसावे तसे झाले.

पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर. देवळाच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, आणि समोरचा डोह काळाशार. गाडीवाल्याने मला काठावर सोडले आणि तो माघारी फिरला. भरलेल्या गाड्या खालच्या उथळ उतारावरून जातात, माझ्यासारखे सडे प्रवासी डोंग्यातून (एकाच खोडाची कोरलेली होडी). डोंगा उकंडाजी भोई नावाच्या म्हाताऱ्याचा होता. माणूस बुटका, काटक आणि अबोल. अर्ध्या पाण्यात पोहोचेपर्यंत तो धापा टाकू लागला. माझी नजर आपोआप त्याच्या वल्ह्याकडे गेली.

आमचा बाबामामा म्हणायचा, नावाड्याला पाणी दमवत नाही, वल्हे दमवते. तुम्हाला आठवत असेल, नवे वल्हे घडवले की तो ते उभे धरायला लावायचा. वरचे टोक हनुवटीला टेकले पाहिजे. त्याहून लांब असले तर प्रत्येक फेरीला हात खांद्याच्या वर जातो, आणि दुपारपर्यंत खांदा धरतो. उकंडाजीचे वल्हे चांगल्या सागाचे होते, पण उभे केले असते तर टाळूच्याही वर गेले असते.

मला राहवेना. म्हणालो, "बाबा, हे तुमच्या मापाचे नाही. वरून वीतभर कापून टाका, निम्मे कष्ट वाचतील." फुकटचा सल्ला द्यायला माझ्यासारख्याचे काय जाते!

उकंडाजी वल्हवायचा थांबला. "माह्यं नाई ते, मुनीमजी. माह्यं तं पुरात फुटलं. हे पुंजाचं हाय. थो आला म्हंजे त्याले लागन ना!"

पुंजा हा त्याचा एकुलता एक मुलगा, बापाहून डोके वर उंच. गेल्या फाल्गुनात कापसाच्या गाड्यांवर धुरकरी (बैल हाकणारा) म्हणून अकोल्याकडे गेला. अर्धे गाव गाड्यांवर गेले, तसा तोही गेला. पावसाळ्याआधी येतो म्हणाला होता. पावसाळा सरला, कार्तिकाची जत्राही होऊन गेली.

"जत्रा नाई चुकवे थो कधी," उकंडाजी म्हणाला. "तुमी अकोल्याले चाल्ले तं इचारजा. पुंजा भोई, कोंडनपूरचा."

मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. काठावर उतरल्यावर वळकटीची दोरी तोडली, म्हाताऱ्याला उभे केले आणि जमिनीपासून हनुवटीपर्यंतचे माप घेऊन तिथे गाठ मारली. "अमरावतीहून तुमच्या मापाचे नवे वल्हे करून आणतो. पुंजाचे पुंजाला राहू द्या."

"आना," तो म्हणाला, "पन पोराचं पयले इचारा."

अमरावतीचा रस्ता ओळखायला कोणाला विचारावे लागत नाही. दुतर्फा बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरचा कापूस अडकून राहिला आहे, त्याच्या मागे चालत राहायचे. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आहे, म्हणून आपल्या कापसाला मागणी आली, असे शेठजी सांगतात. लढाई कोणाची ते मला ठाऊक नाही. धूळ मात्र आमच्या नाकात. मुक्कामाला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर जवसाचे तेल मिळाले. भाजी इतकी तिखट, की माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि वाढणारी बाई खुदकन हसली.

अमरावतीत सुतार शोधला. त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडेतिकडे चाके. मी दोरी पुढे केली.

"वल्हं?" तो हसला. "सहा महिने झाले, चाकाबिगर कायले हात नाई लावला. लाकूडच कोठी हाय?" पण माझा चेहरा पाहून त्याने कोपऱ्यातली एक फळी बाजूला ठेवली. "वापस येतांना या, पाहू."

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी गाड्यांचा तळ पडला होता. शेठजींच्या गाड्या दुसऱ्याच दिवशी सापडल्या. पुंजाला शोधायला चार दिवस गेले. नाव कोणाला आठवेना. शेवटी मूर्तिजापूरकडचा एक धुरकरी बैलाला पेंड चारता चारता म्हणाला, "लांबडा होता का? हरेक नाल्यात गाडीच्या पयले सोता उतरून पानी मोजे, थोच का?"

मी आनंदाने त्याचा हात धरला. नावाड्याचाच मुलगा तो! "तोच. कुठे आहे?"

त्याने पेंडेची पाटी खाली ठेवली. "गेला थो, मुनीमजी. चैतात. पटकी झाल्ती. सकाळी पानी पानी करे, दुपारी संपला. आमी रस्त्याच्या कडीलेच माती देल्ली. गाड्या काय थांबतेत?" मग पाटी पुन्हा उचलत म्हणाला, "आता नाल्यात कोनीच उतरत नाई पयले."

चैत्रात. म्हणजे बाप आठ महिने त्या वल्ह्याला जपत होता.

परतताना अमरावतीला गेलो. राखून ठेवलेल्या फळीचे चाकाचे आरे झाले होते. सुताराने मान खाली घातली. मी त्याला काय बोलणार? सगळ्या मुलखाचेच चाक झाले होते.

कौंडण्यपूरला पोहोचलो तेव्हा उकंडाजी डोंग्यात बसूनच होता. माझ्या रिकाम्या हातांकडे त्याने पाहिले. मी डोंग्यात बसलो, आणि भित्र्यासारखे दुसरेच बोललो. "वल्हे नाही मिळाले, बाबा. सुतारांना सवड नाही."

त्याने डोंगा ढकलला. डोहाच्या मध्यावर आल्यावर म्हणाला, "वल्ह्याचं राहू द्या. पोराचं सांगा."

मी सांगितले. नाल्यात आधी उतरून पाणी मोजायचा, तेही सांगितले. ते ऐकून म्हातारा पुटपुटला, "म्याच शिकवलं त्याले ते." मग त्याच्या हातून वल्हे सुटले. मी ते पाण्यातून उचलले आणि डोंगा काठाला लावू लागलो. पुंजा माझ्याएवढाच उंच असला पाहिजे. वल्हे माझ्या हाताला असे बसले, की जणू बाबामामाने माझ्यासाठीच घडवले होते. मला रडू आवरेना.

काठावर उकंडाजीने डोंग्यातली कुऱ्हाड काढली आणि वल्हे दगडावर आडवे ठेवले. "थी दोरी हाय ना तुमच्यापाशी? माहा खांदा कुऱ्हाड उचलत नाई. तुमीच तोडा."

"बाबा, असू द्या..."

"काहून? आता कोनासाठी ठेवू?"

पंधरा दिवसांपूर्वी डोंग्यात बसून ज्या कामाचा सल्ला दिला, ते माझ्या हाताने करायची वेळ आली. साग कठीण, सात-आठ घाव घालावे लागले. तुटलेला तुकडा उकंडाजीने उचलला. पुंजाची मूठ बसून तिथले लाकूड गुळगुळीत झाले होते. "म्हातारीले देतो," म्हणत त्याने तो कंबरेला खोचला.

मी काठावर उभा राहून डोंगा परत जाताना पाहिला. म्हाताऱ्याचा हात एकदाही खांद्याच्या वर गेला नाही. धाप नाही, की मध्ये थांबणे नाही. अगदी बाबामामा सांगायचा तसे.

आर्वीला आल्यावर शेठजींनी शाबासकी दिली. गाठीची दोरी अजून माझ्या वळकटीत आहे. माप माझे बरोबर होते. बरोबर ठरल्याचे एवढे दुःख मला आजवर कधी झाले नाही.