राऊटरच्या डोक्यावर खापर

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्यांना सगळे मेनस्विच म्हणायचे. कुठे काही खुट्ट झालं, की त्यांचा हात आधी मेन स्विचवर. आधी वीज बंद, मग विचार. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांची दहाही बोटं शाबूत होती आणि नव्या पोरांना ती ते पुराव्यासारखी दाखवत. निवृत्तीनंतर हे नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं. मुलगासुद्धा मित्रांना सांगताना "आमचे मेनस्विच" म्हणायचा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

दुसरी खोड चौकसपणाची. बंद डबा दिसला की तो उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरातला मिक्सर, घड्याळ, इस्त्री, सगळ्यांची पोटं त्यांनी एकदा तरी आतून पाहिली होती. पण कोपऱ्यातल्या पांढऱ्या वायफायच्या डब्याकडे मात्र त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. तो मुलाचा प्रांत.

बायको जन्मापासून बहिरी. तिची धाकटी बहीण, म्हणजे मेनस्विचची मेहुणी, तीही तशीच. ती दूरच्या शहरात राहायची. दोघी एकाच खोलीत वाढल्या आणि शाळेत खुणांची भाषा शिकायच्या आधीच त्यांनी आपापसात स्वतःच्या खुणा पाडल्या होत्या. जगात ती भाषा पुरती येणारी माणसं दोनच. मेनस्विच यांना ती अर्धीमुर्धी येत होती, तीही बायको हात सावकाश चालवायची म्हणून.

रोज संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलावर टॅबलेट उभा राहायचा आणि दोघी तासभर बोलायच्या. गेले दोन महिने मात्र चित्र सारखं अडकायला लागलं होतं. ऐकू येणाऱ्यांचं चित्र अडकलं तरी आवाज पुढे सरकतो. या दोघींचा हात हवेत थांबला की वाक्यही तिथेच थांबायचं. बायको तेच तेच चारदा सांगायची, पलीकडून भलतंच उत्तर यायचं, मग रुसवे. मेहुणीने रोजचा फोन आठवड्यातून दोनदावर आणला. नेट सुधारलं की बोलू, असं तिने कळवलं.

त्या दिवशी बायकोने टॅबलेट पालथा ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "तिने बोलणं सोडलं, तर मी माझ्या भाषेत कुणाशी बोलू?"

मेनस्विच यांना ते फार लागलं. इतकी वर्षं शेजारी बसूनही ती भाषा आपण अर्धीच शिकलो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, मोठा प्लॅन घेऊ." घेतला. वेग दुप्पट झाला आणि चित्र पूर्वीइतकंच अडकत राहिलं. इथे मेनस्विच यांचं कुतूहल जागं झालं. मोटर दुप्पट ताकदीची बसवूनही लिफ्ट उशिराच येत असेल, तर दोष मोटरचा नाही, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांनी मुलाचा जुना लॅपटॉप घेतला आणि एक साधी चाचणी शिकून घेतली. आपण एक छोटा संदेश पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. दुपारी वीस मिलिसेकंद. संध्याकाळी सातला बाराशे. त्यांनी वहीत रकाने आखले आणि चार दिवसांत चोर सापडला. मुलगा दोन महिन्यांपासून विकाऊ घरांचे व्हिडिओ काढायचा आणि दिवसभराचं काम संध्याकाळी दलालांना पाठवायचा. त्याची अवजड फाइल निघाली की घरातलं बाकी सगळं तिच्यामागे ताटकळत उभं राहायचं.

"म्हणजे मी गुन्हेगार?" मुलाने विचारलं.

"तू कशाला? तू सामान हलवतोयस. एकाच माणसाचं बिऱ्हाड लिफ्टमधून दहा खेपांत वर चाललंय आणि पहिल्या मजल्यावर म्हातारी पिशवी घेऊन उभी आहे. लिफ्टचा वेग वाढवून म्हातारीला काय फायदा? मधे तिला घ्यायला हवं."

नेट कंपनीने दिलेल्या डब्याला मधे कुणाला घेणं ठाऊक नव्हतं. मेनस्विच इंटरनेटवर वाचत सुटले. त्यांना कळलं की अशा डब्याच्या, म्हणजे राऊटरच्या आत त्याला चालवणारी एक आज्ञावली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. आणि जगभरातली काही हौशी मंडळी स्वतःचं फर्मवेअर लिहून, त्यातली ओळन् ओळ उघडी ठेवून, कुणालाही वापरायला देतात. चौतीस वर्षं कंपन्यांनी सील ठोकलेल्या पेट्यांशी झगडलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल? ते खुर्चीतून उठले, खोलीत एक फेरी मारली आणि परत येऊन तोच परिच्छेद पुन्हा वाचला. त्या फर्मवेअरमध्ये रांग लावायची सोयही होती. अडचण एकच. ते हव्या त्या डब्यात बसत नव्हतं. कुठल्या डब्यात बसतं त्याची लांबलचक यादी होती.

यादी वहीत उतरवून ते दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्यापुढे आठ अँटेनांचा काळा राऊटर ठेवला. उलटा पडलेला कोळी दिसावा तसा.

"काका, हा घ्या. गेमिंगचा आहे."

"मेमरी किती?"

"मेमरी?" दुकानदाराने खोका फिरवून पाहिला. "रेंज जबरदस्त आहे."

"आणि चिप कुठली?"

दुकानदार आतून दुसऱ्या माणसाला घेऊन आला. मेनस्विच यांनी शेवटी दोन अँटेनांचा एक साधा राऊटर निवडला आणि तो पालथा करून तळाचं लेबल चष्मा वर करून वाचलं. नाव तेच असलं तरी त्याच्या तीन आवृत्त्या होत्या, यादीत फक्त दुसरी होती, आणि ती कितवी हे तळालाच छापलेलं असायचं. पहिला डबा तिसरी निघाला. दुसराही तिसरी. चौथ्या डब्याला दुसरी सापडली.

"इतक्या वर्षांत राऊटर पालथा करून घेणारे तुम्ही पहिलेच," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन त्यांनी सूचना दोनदा वाचल्या. लॅपटॉप तारेने जोडायचा, फर्मवेअरची फाइल चढवायची, पाच मिनिटं काहीही करायचं नाही. आणि ठळक अक्षरात, काहीही झालं तरी वीज बंद करायची नाही.

फाइल चढली. दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या मिनिटाला डब्याचे सगळे दिवे एकदम विझले. मेनस्विच यांनी काही ठरवलं नाही, काही विचार केला नाही. त्यांचा हात बटणावर गेला आणि वीज बंद झाली. ज्या सवयीने त्यांची बोटं वाचवली होती, तिनेच नवा कोरा राऊटर अर्ध्या वाटेत ठार केला. पुन्हा चालू केल्यावर एक लाल ठिपका तेवढा लागला आणि तसाच राहिला.

मुलगा हसून हसून बेजार. "बाबा, ठळक अक्षरात लिहिलं होतं."

"वाचलं होतं रे," ते कसनुसे म्हणाले. "हाताने वाचलं नव्हतं."

पण डबा मेला म्हणून सोडून देणाऱ्यांतले ते नव्हेत. मेलेला राऊटर उठवायची युक्तीही त्या हौशी मंडळींनी लिहून ठेवली होती. तळाच्या भोकात टाचणी दाबून धरायची, ती दाबलेली असतानाच वीज सुरू करायची, म्हणजे डबा घटकाभर अर्धवट जागा होतो आणि तारेतून फाइल मागतो. सहाव्या खेपेला त्याने मागितली. आता पुन्हा तीच पाच मिनिटं. मेनस्विच यांनी बायकोला बोलावलं आणि आपले दोन्ही हात तिच्या पुढ्यात धरले. तिने ते घट्ट पकडले. तिच्या लेखी हात धरणं म्हणजे माणसाचं तोंड दाबणं, त्यामुळे तिला हसू आवरेना. दिवे विझले. मेनस्विच यांच्या हातांनी बटणाकडे ओढ घेतली. तिने सोडले नाहीत. मग एक हिरवा दिवा लागला, मग दुसरा.

पुढचं काम सोपं आणि विचित्र होतं. बाहेर पाठवायचा वेग सेकंदाला वीस मेगाबिट असेल, तर राऊटरला अठराच आहे असं सांगायचं.

"घ्यायचे वीस आणि वापरायचे अठरा?" मुलगा म्हणाला.

"काठोकाठ भरलं की रांग कंपनीच्या दारात लागते, तिथे आपलं कोण ऐकतं? थोडी जागा ठेवली की रांग आपल्या घरात लागते. मग कुणाला पुढे सोडायचं ते आपला डबा ठरवतो."

संध्याकाळी मुलाने मुद्दाम सगळ्यात मोठी फाइल सोडली. चाचणीचा आकडा बावीसवर गेला आणि तिथेच राहिला. टॅबलेटवर मेहुणीचे हात पाण्यासारखे चालत होते. बायकोने नवऱ्याच्या पाठीत आनंदाने एक धपाटा घातला. रोजचा फोन पुन्हा सुरू झाला.

आणि तरीही शब्द गळतच राहिले.

पहिले दोन दिवस त्यांना वाटलं, भास असेल. पण बायको विचारायची एक आणि मेहुणी उत्तर द्यायची दुसरंच. "बघितलंत? अजून नेट खराब आहे," बायको खट्टू होऊन म्हणाली. मेनस्विच यांनी आकडे तपासले. बावीस, एकवीस, बावीस. चित्र कुठेही थांबत नव्हतं. मग त्यांनी वहीत नवं पान काढलं आणि आठ दिवस बायकोच्या मागे बसून, पलीकडे न पोचलेला प्रत्येक शब्द लिहिला.

पान भरल्यावर त्यांनी पोचणारे शब्दही शेजारी लिहून काढले. आई पोचत होतं. भूक, झोप, खोटं पोचत होतं. त्यांच्या खुणा चेहऱ्यापाशी होत होत्या. लहान मूल पोचत नव्हतं, त्याला हात गुडघ्यापाशी न्यावा लागायचा. लांब पोचत नव्हतं, त्याला हात बाजूला ताणावा लागायचा. गेलेला प्रत्येक शब्द कडेचा होता. आणि टॅबलेटच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बायकोचा हात तर दर वेळी पुरता दिसत होता.

वायफाय खुणा बघून शब्द गाळत नाही. हे ज्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं, त्या क्षणी कोडं सुटल्याचा आनंद झाला, आणि पाठोपाठ कळलं, शब्द मेहुणीच्या डोळ्यांपाशी गळतायत. आपण डबा नीट केला नसता तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटून गेलं.

पण बायकोपासून लपवायचं तरी काय म्हणून? त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पान वाचलं, प्रत्येक शब्द हाताने करून पाहिला, आणि हात कुठे जातो तेही पाहिलं. मग टॅबलेट उभा केला.

मेहुणी दिसली. बायकोने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. तिने एक हात चेहऱ्यासमोर धरला आणि हळूहळू बाजूला नेत गेली. कुठपर्यंत दिसतो, ते सांग.

हात खांद्यापर्यंतही गेला नव्हता. मेहुणीने मान हलवली, संपला.

मग ती बोलली, आणि यावेळी मेनस्विच यांना शब्द न् शब्द कळला, कारण ती फार सावकाश बोलत होती. "वर्ष झालं. कडेने अंधार आत येतोय. डॉक्टर म्हणतात, थांबवता येत नाही. तुझं नेट अडकायचं ते मला बरं होतं. मला दिसत नाही हे तुला कळायचं नाही."

बायको रडली नाही. तिने डोळे पुसायला हात वर नेले असते, तर तेवढा वेळ बोलणं थांबलं असतं. तिने बहिणीला खूण केली, खुर्ची मागे घे. मेहुणीला आधी कळेना. मागे घे, अजून मागे. लांबून बघितलं की छोट्याशा भोकातूनही सगळी बाई मावते. मेहुणी खुर्ची सरकवत गेली, टेबलापासून दूर, दारापर्यंत, भिंतीला पाठ टेकेपर्यंत. मग बायकोने वाकून हात गुडघ्यापाशी नेला. लहान मूल.

भिंतीपाशी बसलेल्या त्या एवढ्याशा बाईने तीच खूण परत केली. "आता आख्खी दिसतेस," ती म्हणाली.

टॅबलेटवर आता तिचे हात जेमतेम नखाएवढे उरले होते. ते वाचायला बायकोने चष्मा चढवला आणि नाक काचेला टेकेल इतकी पुढे झाली.