गुडघ्यासकट यायचं करा

खर्ड्याच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातात वळकटी, आणि नगरपासूनच्या धक्क्यांनी डोकं उठलेलं होतं. तेवढ्यात फेटा बांधलेला एक उंचापुरा माणूस आडवा आला. त्याने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून लांब फेकला, तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर घातलं, खिशातली गुलाबदाणी काढून माझ्या पांढऱ्या पातळावर शिंपडली आणि माझ्या पाठीमागे वाकून बघत विचारलं, "वऱ्हाड मागनं येतंय का?"

मी म्हटलं, वऱ्हाडबिऱ्हाड काही नाही, मी नव्या दवाखान्याची नर्स आहे.

"ते म्हाईत हाय की," तो म्हणाला. "नर्स हाय म्हनून कोरड्या पायानं आत न्यायची व्हय?"

दुष्काळाचे दिवस होते. लोक घोटभर पाण्यासाठी मैलभर जात होते आणि हा गृहस्थ ते माझ्या चपलांवर ओतत होता. माणूस वेडा आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढे ते मत मला बदलावं लागलं असं नाही, पण त्या वेडाची मला सवय झाली.

हे नाना मांडववाले. पंचक्रोशीतल्या लग्नांना मांडव, कनाती, सतरंज्या, हंडे आणि गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. पण नुसता माल पाठवून ते स्वस्थ बसत नसत. मानाचा टॉवेल कोणाच्या खांद्यावर आधी पडला पाहिजे, कोणता व्याही कशाने रुसेल आणि कशाने उठेल, हे सगळं तेच बघत. मग पाऊस गेला आणि लग्नं मारुतीपुढे हार घालून उरकली जाऊ लागली. नानांचा माल गोदामात धूळ खात पडला. बायको मागेच गेली होती, मूलबाळ नव्हतं. अशात आमचे डॉक्टर तिथे आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, तापट, आणि या कोरड्या भागात मोफत दवाखाना काढायचा हट्ट धरलेले. औषधं त्यांचे नगरचे मित्र देणार होते, जागा मिळत नव्हती. नानांनी गोदाम रिकामं करून दिलं, आणि रिकामं म्हणजे काय, तर माल तसाच ठेवून मधे डॉक्टरांचं टेबल मांडलं.

डॉक्टरांनी दारावर 'मोफत दवाखाना' अशी ठळक पाटी लावली आणि आम्ही वाट बघत बसलो. कोणी येईना. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं दारावरून जात, बोटं ठेचलेली, खोकून खोकून वाकलेली, पण आत पाऊल टाकत नसत. एका बाईला तर मी हाताला धरून आणायला गेले, तिने हात सोडवून घेतला. "आमी खडी फोडून खातो, बाई. धर्माचं घेत न्हाई," असं म्हणून ती निघून गेली. आत आला तो एकच माणूस, आणि त्याला मोठा हंडा भाड्याने हवा होता.

नानांनी हे काही दिवस पाहिलं आणि एका सकाळी पाटी उतरवून तिची औषधाच्या बाटल्या ठेवायला फळी केली. डॉक्टर भडकले. नाना शांतपणे म्हणाले, "कार्यात गावच्या गाव जेवून जातंय, डाक्टर. कुनी म्हनतं का, मी फुकट जेवलो? बलावलेला मानूस फुकटा नसतो."

आणि त्यांनी ज्वारीला कुंकू लावून अक्षता केल्या, पिशवी सायकलला अडकवली आणि आमंत्रणं करत सुटले. मी पहिल्या दिवशी सोबत होते म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. उंबऱ्याबाहेर उभे राहून ते हातावर अक्षता ठेवत आणि लग्नाच्याच सुरात म्हणत, "सोमवारी आमच्याकडं कार्य हाय. गुडघ्यासकट यायचं करा." पुढच्या घरी म्हातारीला सांगत, "खोकल्याला घरी ठिवून येऊ नका, त्याचंच आवतान हाय."

सोमवारी दवाखाना भरला. माणसं धुतलेले फेटे बांधून आली होती, बायकांनी पेटीतली लुगडी काढली होती. जुलाबाने अर्धी झालेली एक बाई खणानारळ घेऊन आली, रिकाम्या हाताने कार्याला कसं यायचं म्हणून. नाना दारात गुलाबदाणी घेऊन उभे. डॉक्टरांनी सवयीने "पुढचा!" अशी हाक मारली तेव्हा नानांनी त्यांना बाजूला नेऊन समज दिली. तेव्हापासून आमच्याकडे "रामभाऊ, बसायला चला" अशीच हाक गेली, मग रामभाऊच्या पोटात जंत का असेनात.

इंजेक्शनचा थाट तर विचारू नका. नानांनी मालातला अंतरपाट काढला होता. सुई दिसून माणूस घाबरू नये म्हणून ते एका टोकाला धरत, दुसरं टोक पेशंटच्या भावाला धरायला लावत. मी दंडाला स्पिरिट लावलं की नाना खणखणीत आवाजात "सावधान" म्हणत, मी सुई टोचत असे आणि बसलेली सगळी मंडळी अक्षता टाकत. त्या अक्षता जखमेत जात, माझ्या केसांत जात, डॉक्टरांच्या चहात जात. ज्वारीच्या वासाने गल्लीतल्या कोंबड्या नेमाने दवाखान्यात येऊ लागल्या. मी चिडून अक्षता बंद करायला सांगितल्या, तर नानांनी कोंबड्यांना हाकलायला एक म्हातारा नेमला. त्यालाही अर्थात आमंत्रण होतंच, त्याच्या कंबरेला.

पण एक सांगायला हवं. मी शिकले त्या मोठ्या इस्पितळात बायकांना चारचौघांत पदर बाजूला करायला लावत आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे, मलाही वाटत नसे. नानांच्या अंतरपाटाआड बायका पहिल्यांदाच न लाजता दुखणं दाखवू लागल्या. त्या अंतरपाटाचं एक टोक धरून मी कितीदा तरी उभी राहिले, आणि मला आपल्या कामाचा अभिमान वाटला तो तिथे.

नानांचे पाय मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या नजरेत खुपत होते. वहाणेचा पट्टा त्यांच्या पावलावर बसत नसे. एकदा बोलता बोलता मी त्यांची नडगी अंगठ्याने दाबली, तर खळगा तसाच राहिला. डॉक्टरांनी जबरदस्तीने छातीला नळी लावली आणि मला आत बोलावून सांगितलं की हृदय दमलंय, आजपासून औषध घेतलं नाही तर हा माणूस फार दिवस काढायचा नाही. नानांना सांगितलं, तर त्यांनी हसून विषय मोडला. "यजमान कवा पैल्या पंगतीला बसतो व्हय, बाई? पावनं जेवून उठू द्या. शेवटच्या पंगतीला बसतोच की."

शेवटची पंगत काही येत नव्हती. आजाऱ्यांची रांग कधी संपते? मी रोज भांडायची. गोळ्या चहात घालून पाहिल्या, तर तो चहा त्यांनी एका पाहुण्याला प्रेमाने पाजला. तो पाहुणा रात्रभर लघवीला उठत राहिला आणि दुसऱ्या दिवशी नानांना म्हणाला, तुमच्या चहाला लई गुण हाय.

तोवर आमंत्रणाचं खूळ आमच्या अंगाशी आलं होतं. धडधाकट माणसं रुसू लागली. आमच्या घरात कोणी आजारी नाही म्हणजे आम्ही काय भावकीतले नाही, असं दारात येऊन विचारू लागली. नाना त्यांचा हात हातात घेत, डोळे निरखत आणि गंभीरपणे सांगत की जरा पिवळी झाक दिसते, सोमवारी यायचं करा. रुसलेला माणूस पिवळी झाक घेऊन खुशीत घरी जाई आणि आम्ही त्याला लिंबाचं सरबत देत असू.

पण जवळच्या एका वाडीच्या पाटलांचं दुखणं सरबताचं नव्हतं. पाटलांना साखरेचा आजार, पायाला काटा लागलेला, आणि जखम चिघळून बोटं काळी पडायला लागलेली. वाडीत अक्षता पहिल्यांदा पाटलांच्या घरी द्यायच्या, हा रिवाज. नानांनी त्या खालच्या आळीपासून वाटल्या होत्या आणि पाटलांच्या भावकीला त्यांच्याआधी आमंत्रण गेलं होतं. झालं. पाटील रुसले. मी त्यांच्या घरी गेले, हात जोडले, पाय जाईल म्हणून सांगितलं. बाजेवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "पाय जाऊ द्या. मागनं आलेल्या अक्षतांवर मी न्हाई यायचा."

मी परत येऊन नानांना झापलं. साऱ्या जन्मात मानपान चुकला नाही आणि इथेच कसा चुकला? नाना हळूच म्हणाले की पाटलांचं घर उंचावर आहे, तो चढ त्या दिवशी चढवेना. छातीत धाप भरली होती. म्हणून आधी खालची घरं केली, जरा बसून वर जाऊ म्हटलं, आणि बसले ते उठवेना.

पुढे त्यांनी जे केलं ते त्यांनाच सुचलं असतं. त्यांनी वाडीतल्या घरोघरी जाऊन दिलेल्या अक्षता परत मागितल्या. आमंत्रण रद्द. जे बरे झाले होते त्यांना सांगितलं की तुम्ही अजून आलेलाच नाहीत. लोकांनाही ते पटलं. मग माझ्या खांद्याला धरून, दर थोड्या अंतरावर दगडावर टेकत, नाना तो चढ चढले आणि पाटलांच्या हातावर सगळ्यांच्या आधी अक्षता ठेवल्या. सोमवारी पाटील बैलगाडीतून वाजतगाजत आले. मागून बरी झालेली सगळी वाडी पुन्हा खोकत, लंगडत, कण्हत आली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पाटलांची दोन बोटं काढावी लागली, पण पाय वाचला.

त्या चढाने नानांचं मात्र व्हायचं ते झालं. ते पायरीवर बसले की उठेनात, आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून तक्क्याला टेकून रात्र काढत. तरी इंजेक्शनचं नाव काढलं की त्यांचं तेच, शेवटची पंगत. एकदा पाटलांचा पाय बांधताना मला रडू आलं आणि मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या घरचा चढ का राहिला, तेही सांगितलं. पाटलांनी आपल्या उरलेल्या बोटांकडे पाहिलं.

"मंग यजमान बदला की, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वाडीची माणसं गाडी घेऊन आली आणि मांडव, कनाती, सतरंज्या भरू लागली. नानांना वाटलं, दुष्काळात पहिलं लग्न निघालं. ते तक्क्यावरूनच खुशीत सूचना देऊ लागले. तेवढ्यात पाटील काठी टेकत आत आले, वाकले आणि नानांच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाले, "उद्या आमच्या वाडीला कार्य हाय. सुजल्या पायासकट यायचं करा."

नानांनी अक्षता मुठीत घेतल्या. सबंध आयुष्य आमंत्रणावर काढलेल्या माणसाला आमंत्रण मोडता येईना. त्यांचे डोळे भरले, माझेही भरले, आणि डॉक्टर उगीचच कोंबड्यांवर ओरडले.

पाटलांनी मांडव चढाखालीच घातला होता. त्यांनी स्वतः नानांच्या सुजलेल्या पायांवर पाणी घातलं. अशाही परिस्थितीत नानांनी मांडवाची एक दोरी चुकीची बांधलीय म्हणून दोन माणसांना कामाला लावलं, आणि मगच दंड पुढे केला. अंतरपाट धरला गेला. पाटील "सावधान" असं काही ओरडले की गाडीचा बैल दावं तोडून पळाला. मी सुई टोचली, अक्षता पडल्या, आणि त्या दिवशी त्या माझ्या केसांत अडकल्या तरी मी काही बोलले नाही.

इंजेक्शन एकाने भागणार नव्हतं. मग पुढचं आमंत्रण दुसऱ्या गावाने केलं, त्याच्या पुढचं तिसऱ्याने. नाना फेटा बांधून जात, ताटात मांडलेली गोळी पाहुणचार म्हणून खात. सूज उतरली, धाप कमी झाली. ते पुन्हा सायकलवर बसले. पाऊस आला, लग्नं परतली, आणि नाना मांडव भाड्याने देऊ लागले, पण अंतरपाट त्यांनी दवाखान्यातून हलू दिला नाही. लग्नांसाठी नवा शिवून घेतला.

पुढे मी नगरला नोकरी धरली. काही वर्षांनी एका दुपारी खर्ड्याच्या एसटीच्या कंडक्टरने नाना गेल्याचं सांगितलं, आणि मी होते तशी त्याच गाडीत बसले. नानांच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाच्या हातावर कोणी अक्षता ठेवलेल्या नव्हत्या, कारण मयताचं आमंत्रण करायचं नसतं. नानांच्या आयुष्यातलं हे पहिलंच कार्य, ज्याला सगळी माणसं न बोलावता आली होती.

गर्दीच्या पुढे, नानांच्या पायाशी, वाडीचे पाटील बसले होते. पायात वहाण नव्हती, पाऊल धुळीने माखलं होतं. एवढा रस्ता ते चालत आले होते आणि सगळ्यांच्या आधी पोचले होते. तुम्हाला कोणी कळवलं, असं मी विचारलं.

"कुनी न्हाई, बाई," ते म्हणाले. "आलो आपला."