दुसरा प्याला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकांना सांगायला हवं होतं, पण दर रविवारी उपासना संपली की मी त्यांच्याशी हात मिळवतो आणि घरी येऊन जेवतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं थोडं सोपं — थोडंच.

मी पुस्तकं तपासतो. ख्रिस्ती धर्मशास्त्र, मंडळ्यांचा म्हणजे चर्चेसचा इतिहास, मिशनऱ्यांची चरित्रं — मराठीत असं काही छापून आलं, की आमच्या छोट्या मासिकातर्फे ते परीक्षणासाठी माझ्याकडे येतं. कॉलेजात इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वाचताच येत नाही. आधी तळटीपा, मग पुस्तक. त्रैक्याच्या सिद्धांतावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या एका विद्वानाला मी दोन परिच्छेदांत निकालात काढलं होतं आणि त्याचा आनंद मला पुढे बरेच दिवस पुरला. गिरगाव ते दादर एवढ्या पट्ट्यात माझा दरारा आहे. त्यापलीकडे मला कुणी विचारत नाही, ते सोडा.

पण मी विषयांतर करतोय. करणारच — नको त्या जागी पोचायचंय ना?

परळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या एस्तेरबाईंनी आमच्या मंडळीचा इतिहास लिहिला. चांगला लिहिला होता. हे मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणतो. त्यातल्या एका प्रकरणात होतं, की पूर्वी आमच्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे एकाच भाकरीतून नि एकाच प्याल्यातून घेतात तेव्हा, द्राक्षारसाचे दोन प्याले असत. एक पुढच्या बाकांसाठी. दुसरा मागे बसणाऱ्यांसाठी — म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी. भाकर एक, प्रार्थना एक, प्याले मात्र दोन. आधार काय? तर एस्तेरबाईंच्या आत्याची, सगुणाबाईंची, आठवण. त्यांनी लहानपणी आपल्या आईला त्या दुसऱ्या प्याल्यातून पिताना पाहिलं होतं.

मी परीक्षणात लिहिलं, की एका वृद्धेच्या आठवणीवर विसंबून अख्ख्या मंडळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे इतिहास नव्हे. वाक्य झोकात उतरलं होतं. बऱ्याच जणांनी फोन करून शाबासकी दिली.

आता सांगतो. तो दुसरा प्याला आमच्या घरात होता. आहे.

जर्मन सिल्व्हरचा, काठाला पोचा आलेला. माझे आजोबा तेव्हा मंडळीचे पंच होते, प्रभुभोजनाचे प्याले फिरवायचं काम त्यांचं. ती पद्धत बंद पडली तेव्हा त्यांनी हा प्याला घरी आणून ठेवला. लहानपणी मी एकदा त्यातून दूध मागितलं, तर वडिलांनी तो माझ्या हातून काढून घेतला. "तो आपल्या लोकांचा नाही," म्हणाले. मी मोठा झाल्यावर त्यांनीच मला सगळं सांगितलं, खाली मान घालून सांगितलं. म्हणजे मला ठाऊक होतं. एस्तेरबाईंच्या त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीनं 'पुरावा?' असं लिहिलं, तेव्हा तो माझ्या पाठीमागच्या कपाटात होता.

मग का लिहिलं? मंडळीच्या सभागृहाला आजोबांचं नाव आहे. त्या पाटीखालून मी ताठ मानेनं आत जातो. एवढंच कारण. याहून बरं कारण मी खूप शोधलं.

इथवर निदान कागदावरचं होतं. पण परीक्षण छापून आल्यावर एस्तेरबाई सगुणाबाईंना घेऊन माझ्या घरी आल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सगुणाबाई प्रत्येक जिन्यावर बसत बसत वर आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. पण त्यांनी बशीत ओतून चहा घेतला, तोंड पुसलं आणि सरळ विचारलं.

"सर, तुमचे आजोबाच प्याला घेऊन यायचे ना? मी बघितलंय त्यांना. तुमच्या घरात कधी कोण काय बोललं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

कपाट त्यांच्या खुर्चीला जवळजवळ लागून होतं. मला फक्त उठायचं होतं — उठलो नाही. उलट आणखी चहा हवा का, असं विचारलं.

सगुणाबाईंनी बशी बाजूला सारली. मग भाचीकडे वळल्या. "काढून टाक गं ते. लहान होते मी, माझंच काहीतरी चुकलं असेल. उगीच कुणावर आळ नको."

एस्तेरबाईंनी दुसऱ्या आवृत्तीतून ते प्रकरण काढलं. सगुणाबाई आता नाहीत. त्या गेल्यावर मी भेटायला गेलो होतो, तेव्हा एस्तेरबाईंनी सांगितलं, की आमच्या त्या भेटीनंतर आत्या रोज रात्रीच्या प्रार्थनेत माझ्या आजोबांचं नाव घ्यायची. एका भल्या माणसाबद्दल आपण खोटं बोललो, म्हणून देवाकडे क्षमा मागायची, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. एस्तेरबाईंनी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी मान डोलावली.